आधी थांबायला शिक

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. बाजूच्या रस्त्यावरून अचानक पुढे आलेली मोटार, तुझा उजवा पाय मागच्या ब्रेकवर जोरात पडणे, मागचे चाक आडवे सरकत जाणे आणि मोटारीच्या दारापासून हातभर अंतरावर तुझी मोटारसायकल कशीबशी उभी राहणे, हे सगळे तू इतके नेमके लिहिले आहेस की ते वाचताना माझाही उजवा पाय ताठ झाला. तू पडली नाहीस, कोणालाही लागले नाही. तरीही त्या दिवसापासून किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम सुटतो, आणि ज्याला विचारावे तो म्हणतो, चालवत राहा, हात बसेल. 'काका, गेलेला आत्मविश्वास परत कसा आणायचा?' असे तू विचारले आहेस.

उत्तर देण्याआधी मीच तुला एक प्रश्न विचारतो. ताशी ४० किलोमीटर वेगात असताना तुझी गाडी किती मीटरमध्ये थांबते? आणि ६० च्या वेगात? अंदाज सांगू नकोस, मोजलेले अंतर सांग. तुला ते माहीत नाही, कारण तुला ते कोणी विचारलेच नाही. क्लच सोडायला, गिअर टाकायला, गर्दीतून वाट काढायला तू शिकलीस. थांबायला शिकली नाहीस. त्यामुळे तुझी भीती मला खोटी वाटत नाही. जे काम तुला येत नाही ते एका क्षणी तुझ्यावर येऊन पडले आणि ते येत नसल्याचे तुला कळले, एवढेच घडले आहे. ही भीती गोड बोलून घालवू नकोस. आधी थांबायला शिक.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण ते न शिकल्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे. मला गाडी शिकवणाऱ्या थोरल्या चुलतभावाने पहिल्याच दिवशी बजावले होते की पुढच्या ब्रेकला हात लावशील तर हँडलवरून पुढे फेकला जाशील. मी ते ब्रह्मवाक्य मानले आणि नऊ वर्षे केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवली. नऊ वर्षे काही झाले नाही, म्हणून मी स्वतःला पट्टीचा चालक समजत होतो. मग एका संध्याकाळी जिवलग मित्र मागे बसलेला असताना एक ट्रक आडवा आला. मी मागच्या ब्रेकच्या पेडलवर सगळा भार देऊन उभा राहिलो, मागचे चाक लॉक झाले, म्हणजे फिरायचेच थांबले, गाडी आडवी घसरली आणि मित्राचा गुडघा तिच्याखाली सापडला. दुसऱ्या दिवशी मी त्या जागी परत गेलो. डांबरावर मागच्या टायरचा काळा पट्टा उमटला होता; तो मी पावलांनी मोजला, एकतीस पावले भरली. पुढच्या टायरची खूण कुठेच नव्हती. माझ्या उजव्या हाताखाली त्या वेळी गाडीतला सर्वांत ताकदवान ब्रेक होता आणि मी त्याला बोटही लावले नव्हते. मित्राचा गुडघा आजही पूर्ण वाकत नाही. त्याने मला कधीही बोल लावला नाही, आणि म्हणूनच तो पट्टा मला विसरता येत नाही.

आता त्यामागचे कारण समजून घे. ब्रेक लागला की गाडीचा आणि तुझा भार पुढे झुकतो. पुढचे सस्पेन्शन दबते, पुढचा टायर रस्त्यावर अधिक घट्ट बसतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या झालेल्या चाकाला पकड उरत नाही, त्यामुळे ते जरा जास्त दाबताच घसरते. कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे चाकच करते आणि फक्त मागच्या ब्रेकवर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नसतो, आणि चुलतभावाच्या इशाऱ्यात जो काही खरेपणा होता तो एवढाच. भार पुढे येण्याआधीच लिव्हर, म्हणजे उजव्या मुठीपुढची ब्रेकची दांडी, करकचून ओढला तर पुढचे चाक लॉक होते आणि सावरायला वेळ मिळत नाही. आधी लिव्हरमधली ढील संपेपर्यंत ओढायचे, पुढची बाजू खाली बसल्याचे हातांना जाणवू द्यायचे, आणि मग दाब वाढवत न्यायचा. लिंबू पिळताना आपण हिसका देत नाही, मूठ हळूहळू आवळत नेतो, तसे. ही सगळी क्रिया एका सेकंदाच्या आत होते, आणि ती विचार करून करता येत नाही. हाताला आधीच येत असावी लागते.

म्हणून सराव. रिकामे, सपाट, कोरडे, खडी नसलेले मैदान किंवा वाहतूक नसलेला रस्ता शोध आणि कोणालातरी सोबत घेऊन जा. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि घोट्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय पहिली फेरीसुद्धा मारू नकोस. खडूने एक आडवी रेघ मार. आधी २० च्या वेगाने ये, रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात कर, आणि गाडी जिथे उभी राहील तिथे दुसरी खूण कर. गुडघ्यांनी टाकी आवळून धर, म्हणजे शरीराचा भार मनगटांवर येणार नाही. कोपरे ताठ ठेवू नकोस. नजर पुढच्या चाकावर नको, लांबवर हवी. पुढचे चाक घसरल्याचे जाणवले तर लिव्हर त्याच क्षणी सोडून पुन्हा हळुवार दाब. थांबता थांबता क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये ये, कारण मागून कोणी येत असेल तर तुला तिथून निघता आले पाहिजे. दहा वेळा नीट जमल्यावर ३०, मग ४०. घाई केलीस तर हा सराव करण्यात अर्थ नाही. आणि हे एकदा करून संपत नाही. हाताला आलेले हे काम न वापरता गंजते, म्हणून मी आजही महिन्यातून दोनदा खडू घेऊन जातो.

तुझा भाऊ म्हणतो की एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी घे म्हणजे प्रश्न मिटेल. एबीएस उत्तम गोष्ट आहे आणि घेता येत असेल तर जरूर घे. १९८८ मध्ये मोटारसायकलींमध्ये ती प्रथम बीएमडब्ल्यूच्या के१०० या गाडीवर आली तेव्हापासून तिने असंख्य चाके लॉक होण्यापासून वाचवली असतील. पण ती चाक लॉक होऊ देत नाही, एवढेच तिचे काम. ब्रेक किती जोरात आणि कधी दाबायचा हे ती तुझ्यावतीने ठरवत नाही. पुढच्या लिव्हरला तुझी बोटे लागलीच नाहीत, तर पुढचे एबीएस काय करणार?

हे एकट्या माझ्या अनुभवावर उभे नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत चालकाला साधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. अनेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त आणि पुढचा गरजेपेक्षा कमी वापरला होता. आणि ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. तो अहवाल मी प्रथम वाचला तेव्हा माझ्या चुलतभावाचा आवाजच मला त्यात ऐकू आला.

दोन सेकंदांत काय होते याचा हिशेब मी तुझ्यासाठी मांडतो. धोका ओळखून बोटे लिव्हरवर जायला एक सेकंद धर आणि चांगल्या रस्त्यावर सरावलेल्या हाताचा ब्रेक धर. ४० च्या वेगात पहिल्या सेकंदात ११ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर सुमारे ९. ६० च्या वेगात १७ आणि २०. ८० च्या वेगात २२ आणि ३५. वेग दुप्पट झाला की ब्रेकखालचे अंतर चौपट होते, हे शाळेत शिकलेले गणित आहे. पण आपण ते गाडीवर बसताना घरी ठेवून येतो. आणखी एक गोष्ट पाहा. ६० ने येणारी गाडी जिथे पूर्ण उभी राहते, त्याच ठिकाणी ८० ने आलेली गाडी अजूनही साधारण ६० च्या वेगात असते. ज्यांना २० चा फरक किरकोळ वाटतो, त्यांच्याशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

यातूनच माझा एकमेव नियम निघतो, आणि तू कंटाळलीस तरी मी तो पुन्हा सांगणार: जितका रस्ता मोकळा दिसतो तितक्यात थांबता आले पाहिजे. वळणावर रस्ता ३० मीटरच दिसत असेल, तर वेग ३० मीटरमध्ये थांबण्याइतकाच हवा. रात्री दिव्याचा उजेड जिथे संपतो तिथे तुझा रस्ता संपतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून नावाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलचा निस्सीम भक्त होता आणि त्याचा हातही कच्चा नव्हता. १९३५ मध्ये रस्त्याच्या खोलगट उताराने झाकलेली सायकलवरची दोन मुले त्याला उशिरा दिसली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने त्यानंतर लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने पुरावा मांडला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधण्याविषयी मी याहून अधिक काही लिहिणार नाही. तो न बांधणाऱ्याशी मला बोलायचेच नाही.

वळणावर गाडी बाहेर जाते, अशी तक्रार तू शेवटी दोन ओळींत उरकली आहेस. तिथेही मूळ दुखणे तेच आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा, कारण टायरची पकड एकच असते आणि कलण्यासाठी व थांबण्यासाठी ती वाटून घ्यावी लागते. घाबरलेला माणूस कठड्याकडे पाहतो, आणि जिकडे नजर तिकडे गाडी जाते. म्हणून वळण जिथे सुटते तिथे पाहा. डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे दाब, गाडी डावीकडे कलेल. हे ऐकायला उलटे वाटते, पण मैदानावर ३० च्या वेगात करून पाहिलेस की पटेल. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासत जा आणि पावसाच्या पहिल्या सरींत रंगवलेल्या पट्ट्यांवर व लोखंडी झाकणांवर ब्रेक लावू नकोस.

तुझ्या मैत्रिणी रविवारी लांबच्या फेरीला बोलावतात आणि 'नाही' म्हणायला तुला संकोच वाटतो, असे तू लिहिले आहेस. मीही अकरा वर्षे एका गटाबरोबर फिरलो. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवा, असे मी प्रत्येक फेरीच्या आधी सांगत असे, आणि प्रत्येक फेरीत ते अंतर पहिल्या अर्ध्या तासात मिटत असे. शेवटी मी जाणे सोडले. त्यातली काही माणसे नंतर माझ्याशी बोलेनाशी झाली. मी त्यांना बेजबाबदार म्हणालो असे त्यांनी मानले, आणि खरे सांगायचे तर रागाच्या भरात एकदा तसे म्हणालोही होतो. ते बोलणे चुकले. अंतराविषयीचा आग्रह चुकला नव्हता. भाच्याने गाडी मागितली तेव्हाही मी अट घातली की माझ्यासमोर ४० वेळा नीट थांबून दाखव, मग किल्ली घे. बहीण त्यावरून वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. मामा असून पोराला परक्यासारखे वागवतो, असे तिचे म्हणणे होते. मी परका असतो तर पहिल्याच दिवशी किल्ली दिली असती. मला जे नऊ वर्षांत कोणी सांगितले नाही ते मी त्याला एका दुपारी सांगत होतो, आणि त्यासाठी वर्षभराचा अबोला मला महाग वाटला नाही. आज तोच प्रसंग आला तर मी तीच अट घालीन.

तेव्हा या रविवारी फेरीला जाऊ नकोस. खडू, मोजपट्टी आणि एक वही घे. २०, ३० आणि ४० च्या वेगात प्रत्येकी दहा वेळा थांब, सगळी अंतरे लिहून काढ, आणि प्रत्येक वेगातले सर्वांत मोठे अंतर मला कळव. सर्वांत लहान अंतर मला नको आहे. रस्त्यावर तुला जे मिळेल ते त्या मोठ्या आकड्याच्या जवळचे असेल. हात थरथरला तर तेही वहीत लिही. त्यानंतरच्या, वळताना मूठ दाबण्याच्या सरावाविषयी मी ते आकडे पाहिल्यावर लिहीन.

तुझा,
काका