गोळी आत्ता घेऊ की राखून ठेवू?

"मॅडम, गोळी आत्ताच सुरू केली तर पुढे लागू पडणार नाही ना?" पार्किन्सनचं निदान झालेल्या घरांतून हा प्रश्न मी इथे फोंड्यात इतक्यांदा ऐकलाय की शेवटी आज लिहायलाच बसले.

रिटायर्ड मास्तर, वय ६४. डॉक्टरांनी लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनवरची नेहमीची गोळी, दिलेली, पाकीट आठ महिने कपाटात. "पाच वर्षंच असर असतो म्हणतात, ती मी पुढे ढकलतोय." मी समजवायला गेले नाही. भीती नुसत्या माहितीने जात नाही, ती कशाला जपतेय ते आधी कळावं लागतं, हे माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या भेटीत त्यांची बायको सहज बोलून गेली, "श्रावण संपून दोन महिने झाले, ह्यांनी अजून मासळीला हात लावला नाही."

गोंयकार माणूस आणि मासे नाहीत? सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बांगड्याचा काटा काढता येत नाही. नातवासमोर हिने भरवायचं का मला?"

मी कागद पुढे केला, म्हटलं गोळी वाचवायला काय काय सोडलंत ते लिहा. मासे, भजनातली पेटी, बटणांचे शर्ट... अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं, शेवटची ओळ तर मला वाचताच येईना. त्यांनीच कागदाकडे बघितलं, "हे महागात पडलं की." या वाक्यासाठी मी तीन भेटी थांबले होते, आणि थांबले तेच बरं झालं.

गोळीचा असर असा साठवून ठेवता येत नाही हो. पुढे असर कमी वेळ टिकतो, अंग आपोआप हलतं, ते मुख्यतः आजार जुना झाल्यामुळे आणि डोस वाढल्यामुळे. नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, काहींना लगेच गोळी, काहींना ४० आठवड्यांनी, आणि ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट जवळपास सारखेच. म्हणजे लवकर घेऊन आजार थांबत नाही, पण वाढतही नाही. म्हणून रोजचं काय अडतंय ते बघा आणि न्यूरोलॉजिस्टला तेच सांगा, नुसतं "हात थरथरतो" नको. काहीच अडत नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबता येतं, चालणं-व्यायाम मात्र दोन्हीकडे हवाच. वय कमी असेल तर डॉक्टर कधी वेगळं औषध आधी देतात. आणि सुरू केलेली गोळी मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

सरांनी त्याच आठवड्यात सुरू केली. पहिले काही दिवस मळमळलं, मग बसलं. माशातलं प्रोटीन गोळीच्या आड येऊ शकतं म्हणून दुपारची गोळी आता साडेबाराला, आणि बांगडा दीडला.