बारावीच्या आधीच कॉलेजचा कोर्स? ऑनलाइन शिकण्याबद्दल तुमचे प्रश्न

दहावीची परीक्षा संपली आणि ऑनलाइन कोर्सबद्दलच्या प्रश्नांची रांगच लागली. सोलापूर शहरातून आलेत, बार्शी-मोहोळकडून पण आलेत. सगळ्यांना विचारायचंय एकच, की मुलं अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या लेव्हलचं काही ऑनलाइन शिकू शकतात का, त्याचा उपयोग काय आणि पैसे किती जातात. शिकू शकतात, भरपूर शिकू शकतात आणि त्यातलं बरंचसं चांगलं शिक्षण फुकट आहे, म्हणूनच त्याच्या नावाखाली जे हजारो रुपये मागतात त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : मॅडम, मुलगी अकरावी सायन्सला आहे. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मुलीने मोबाईलवर कुठल्यातरी फ्री करिअर टेस्टचा फॉर्म भरला आणि तेव्हापासून रोज फोन चालू आहेत. बारावी करता करताच इंटरनॅशनल डिप्लोमा होईल, डिग्रीचं पहिलं वर्ष वाचेल असं सांगतात. फी ४८ हजार, आज भरली तर ३६, हप्ते पण करून देतो म्हणतात. मुलगी हट्टाला पेटलीय. काय करू?
— एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, पैसे भरू नका. आज तर नाहीच नाही.

ही डिग्रीचं वर्ष वाचायची गोष्ट कुठून आली ते आधी सांगते म्हणजे मुलीला पण समजावता येईल. अमेरिकेत ड्युअल एन्रोलमेंट नावाची पद्धत आहे, तिथली हायस्कूलची मुलं शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे कोर्स करतात, आता त्यातले बरेच ऑनलाइन असतात, आणि तो कोर्स शाळेत पण धरला जातो आणि कॉलेजात पण. तिथे हे चालतं कारण शाळा आणि कॉलेज यांच्यात तसं ठरलेलं असतं आणि राज्याचे त्यासाठी नियम असतात. एवढं असूनही मूल पुढे दुसऱ्या कॉलेजात गेलं तर ते क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजले जाणारे कोर्सचे गुण, धरायचे की नाही हे ते दुसरं कॉलेज ठरवतं. आपल्याकडे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला बसायचं तर आधी बारावी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा पास व्हावी लागते. त्यामुळे अकरावीतल्या मुलीचं डिग्रीचं वर्ष वाचवून देतो असं जो फोनवर सांगतोय तो तुम्हाला खरं सांगत नाहीये.

तरी खात्री करायची असेल तर पुढच्या फोनला एवढंच विचारा, सर्टिफिकेटवर नेमकं कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार ते लिहून पाठवा. विद्यापीठ भारतातलं असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या वेबसाईटवर त्याचं नाव शोधा, तिथे कुठल्या विद्यापीठाला कुठल्या वर्षी कुठल्या ऑनलाइन कोर्सला मान्यता आहे ते दिसतं. विद्यापीठाने आपला कोर्स खासगी कंपनीला फ्रँचायझीसारखा चालवायला द्यायचा नाही असं यूजीसीने २०२२ मध्ये जाहीर नोटीस काढून सांगितलेलं आहे. आणि बाहेरच्या देशातलं नाव सांगितलं तर सरळ त्या विद्यापीठाच्या वेबसाईटवर जाऊन हा डिप्लोमा तिथे आहे का ते बघा, फोनवाल्याने पाठवलेल्या लिंकवर नको.

आता हप्त्यांचं. हा मला सगळ्यात जास्त काळजीचा भाग वाटतो. ते ज्याला हप्ते म्हणतात ते बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर, आधार-पॅन आणि एक ओटीपी दिला की झालं. मुलीने दोन आठवड्यांत कोर्स सोडला तरी हप्ता थांबत नाही आणि थकला की सिबिल, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद, खराब होतो, मग उद्या तिच्या खऱ्या कॉलेजच्या फीसाठी एज्युकेशन लोन मागायला बँकेत गेलात की तो हप्ता तिथे आडवा येतो. म्हणून ओटीपी कुणालाही देऊ नका. ज्यांनी आधीच दिलाय त्यांनी करारात कूलिंग ऑफ पिरियड किती दिवसांचा आहे ते आजच बघा, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न लागता बाहेर पडता येतं. मुदत गेली असेल आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा.

मुलीवर मात्र रागावू नका. तिला काहीतरी जास्तीचं शिकायचंय, ही चांगलीच गोष्ट आहे, खालचं उत्तर तिला वाचायला द्या.

प्रश्न : मी मराठी मीडियमची आहे, दहावीला ८४ टक्के पडले, आता अकरावी सायन्स घेणार. मला कॉम्प्युटर शिकायचंय पण घरी कॉम्प्युटर नाही, फोन एकच आणि तो दिवसभर दादाकडे असतो. यूट्यूबवरचं इंग्लिश फास्ट असतं, समजत नाही. मी कॉलेजचे ऑनलाइन कोर्स करू शकते का?
— बार्शी तालुक्यातून एक विद्यार्थिनी

उत्तर : करू शकतेस. फक्त एकदम चार कोर्सना नाव घालू नको, एक घे आणि तो पूर्ण कर.

सुरुवात स्पोकन ट्युटोरियलपासून कर. हा आयआयटी मुंबईचा प्रकल्प आहे, साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, फुकट आहेत आणि बरेच मराठीत आहेत, सी, सी प्लस प्लस, लिबरऑफिस वगैरे. त्यांची पद्धत मला फार आवडते, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ ठेवायचा, अर्ध्यावर आपण स्वतः तेच करायचं. त्यासाठी कॉम्प्युटर लागेल, मग कॉलेज सुरू झालं की लॅबच्या सरांना जाऊन विचार, आठवड्यातून दोन दिवस तास संपल्यावर एक तास बसू द्याल का. धीर करून विचार, शिकायला मागणाऱ्या मुलीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मग जुलैमध्ये एनपीटीईएलचा एक कोर्स घे. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून २००३ साली सुरू केलेला उपक्रम, आता त्याचे कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर मिळतात. स्वयम् २०१७ मध्ये सुरू झालं आणि त्यावर नववीपासून एमएपर्यंतचं सगळं आहे. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच शेवटी परीक्षेची फी, एका कोर्सला साधारण १,००० रुपये. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात, दर आठवड्याला एक असाइनमेंट. शेवटच्या मार्कांत २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे, आणि परीक्षा घरून नाही, सेंटरवर जाऊन द्यायची. फॉर्ममध्ये शहरांची यादी येते, त्यात सोलापूर आहे की पुण्याला जावं लागेल हे फी भरायच्या आधी बघ, नाहीतर हजाराच्या फीला एसटीचा आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च वाढतो.

तुझ्यासाठी आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन' चांगला आहे, आधी काही येत असायची गरज नाही. कोर्स इंग्रजीत आहे. पण एनपीटीईएलच्या बऱ्याच लेक्चरचं लेखी रूप पण मिळतं, काहींचं मराठीतून सुद्धा, ते आधी वाच आणि मग व्हिडिओ लाव, स्पीड ०.७५ करून, निम्मं अवघडपण तिथेच जातं. आणि वीस मिनिटांच्या लेक्चरला एक तास लागला तर लागू दे. सरांनी फॉर लूप (तेच काम परत परत करायला सांगणारी ओळ) लिहिला, रेंजमध्ये १० टाकले आणि खाली ० ते ९ आकडे छापून आले, की तिथे व्हिडिओ थांबव. दहा का नाही आला? वहीत लिही, १० च्या जागी ५ घालून बघ, मग १ आणि ५ असे दोन आकडे घालून बघ. पायथन फोनच्या ब्राउझरमध्ये पण चालतं, गुगल कोलॅब उघडायचं. त्या एका ओळीशी पंधरा मिनिटं झटापट केलीस तर ती जन्मभर विसरणार नाहीस, आणि नुसते पन्नास व्हिडिओ बघून काही म्हणजे काही राहत नाही.

फोनचं म्हणशील तर दादाशी वेळ ठरवून घे, रोज नको, आठवड्यातून तीन संध्याकाळी. असाइनमेंटच्या शेवटच्या तारखा घरात कॅलेंडरवर लिहून टाक आणि दादाला दाखव.

प्रश्न : माझ्याकडे वेगवेगळ्या साईटवरची ११ सर्टिफिकेट आहेत. इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला याचे किती मार्क धरतात?
— बारावीचा विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : शून्य. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन सीईटी किंवा जेईईच्या स्कोअरवर कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून होते, मेडिकलची नीटवर. तिथे तुझी ११ सर्टिफिकेट कुणी उघडून पण बघणार नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर स्वयम्-च्या कोर्सचे क्रेडिट मिळू शकतात, यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स तसे करता येतात, पण कुठला कोर्स धरायचा ते तुझं विद्यापीठ ठरवणार. आत्ता केलेला तेव्हा धरतीलच या भरवशावर राहू नको.

सर्टिफिकेटचा नाद सोड आणि त्या अकरातलं तुला खरंच काय आवडलं ते मला सांग. काहीच नसेल आवडलं तर बारावी झाल्यावर हार्वर्डचा सीएस ५० लाव, फुकट आहे, पण प्रत्येक टप्प्याला स्वतः प्रोग्रॅम लिहून द्यावा लागतो आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट. तीन-चार आठवड्यांत कळेल की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला चार वर्षं द्यायची तुझी तयारी आहे की नाही. चार वर्षांची फी भरण्याआधी हे कळणं कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठं आहे. बाहेरदेशी अर्ज करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, तिथे मुलाने स्वतःहून काय केलं हे विचारतात, पण तिथेही अकरा अर्धवट कोर्सपेक्षा एक पूर्ण केलेला प्रोजेक्ट दाखवणं चांगलं.

आणि आत्ता बारावीत असताना स्वयम्-एनपीटीईएलच्या जानेवारीच्या बॅचला नाव घालू नकोस. ती जानेवारी ते एप्रिल चालते, इकडे गड्ड्याची यात्रा संपते न संपते तोवर प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मग सीईटी.

प्रश्न : मुलाने अकरावीची वार्षिक परीक्षा दिली. आयआयटी मद्रासची ऑनलाइन डिग्री आत्ताच सुरू करता येते असं तो म्हणतो. हे खरं आहे का? की हे पण फोनवाल्यांसारखंच?
— एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, हे खरं आहे, फक्त मुलगा अर्धंच सांगतोय. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स सुरू केला, आज ती चार वर्षांची बीएस नावाची डिग्री आहे आणि तिला जेईई लागत नाही. अकरावीची परीक्षा दिलेली मुलं क्वालिफायरला, म्हणजे प्रवेशाआधीच्या पात्रता टप्प्याला बसू शकतात. म्हणजे चार आठवडे गणित, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग शिकायचं, दर आठवड्याच्या असाइनमेंट द्यायच्या, त्यात ठरलेले मार्क मिळाले तरच सेंटरवर जाऊन परीक्षा. त्यात पास झाला तरी डिग्रीला खरा प्रवेश बारावी पास झाल्यावरच. म्हणजे आत्ता फक्त दार उघडून ठेवता येतं.

तरी मला हे आवडतं. एक तर चार आठवड्यांत मुलाला स्वतःला कळतं की झेपतंय का. दुसरं म्हणजे २०२२ पासून यूजीसीने एक डिग्री कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन अशा दोन एकदम करायला परवानगी दिलीय, त्यामुळे पुढे इथेच सोलापुरात बीएस्सी करत करत तो हे पण करू शकतो. मध्येच थांबावं लागलं तरी फाउंडेशन सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग बीएस्सी असे बाहेर पडायचे टप्पे आहेत. फी प्रत्येक कोर्सची वेगळी भरायची असते आणि उत्पन्न, प्रवर्गाप्रमाणे सवलत आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. फॉर्म आयआयटी मद्रासच्या स्वतःच्या साईटवरच भरायचा, मध्ये एजंट नको.

ऑनलाइन आहे म्हणून सोपं असेल असं मात्र समजू नका. पहिल्याच वर्षी गणित आणि पायथन एकदम अंगावर येतं, परीक्षा सेंटरवर जाऊन द्याव्या लागतात, आणि नापास झाला तर तो कोर्स फी भरून परत.

प्रश्न : आमच्या गावात रेंज नाही, वर्गातल्या निम्म्या मुलांकडे फोन नाही. या सगळ्यातलं आमच्या मुलांना काय मिळणार?
— एक शिक्षक, करमाळा तालुका

उत्तर : सर, तुमचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी घ्यायला हवा. स्वयंप्रभा नावाचे केंद्र सरकारचे शैक्षणिक चॅनेल आहेत, डीडी फ्री डिशवर फुकट दिसतात, इंटरनेट लागत नाही. त्यात नववी ते बारावीसाठी वेगळे चॅनेल आहेत, कॉलेजच्या विषयांचे पण आहेत. रोज किमान चार तासांचं नवीन दाखवतात आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा लागतं, त्यामुळे दिवसा शेतात जाणारी पोरं रात्री बघू शकतात. भाषा बहुतेक हिंदी-इंग्रजी आहे, म्हणून तुम्ही किंवा विषयाच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं त्यावर बोललं तर फार फरक पडेल. ज्याच्या घरी डिश आहे अशा दोन-तीन घरांत मुलांचे गट बसवा. वेळापत्रक स्वयंप्रभाच्या वेबसाईटवर असतं, करमाळ्याला कामाला गेलात की प्रिंट काढून आणा आणि वर्गात लावा, अकरावीच्या मुलांनी बघायचे तास लाल पेनने गोल करून.