देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतली जुनी झाडं तोडायची चाललीत, थांबवता येईल का?

येईल, पण करवत लागायच्या आत हालचाल करा.

"जागा देवस्थानची, वनखात्याचा काय संबंध?" हे हमखास ऐकायला मिळेल. त्याला उत्तर आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे जंगल, त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. शिवाय राज्याचा १९६४ चा वृक्षतोड कायदा आहेच. तेव्हा वनक्षेत्रपाल आणि तहसीलदार, दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोबत सातबारा आणि झाडांचे फोटो जोडा.

गावात मात्र कायदा काढून भागत नाही (उलट माणसं हट्टाला पेटतात). चार जाणत्यांना घेऊन राईत जा. "पोकळ झालाय, काय कामाचा?" म्हणून आधी ज्याच्यावर कुऱ्हाड पडते, तो जुना बेहडाच दाखवा. त्याच्याच ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला स्वतःला लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. नव्या रोपाला तशी ढोली यायला दोन पिढ्याही पुरत नाहीत.

"बदल्यात शंभर झाडं लावू" म्हणाले, तर ऐकू नका.