जुन्या थारची घरची देखभाल: पावसाळा संपला की आधी गाडीच्या खाली घुस

भावा, सेकंड हँड २०१४ ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनवाली) घेतलीस, गाव चिपळूणच्या बाजूला, सर्व्हिस सेंटर लांब, तर घरी काय काय करता येईल असं विचारलंयस. इंजिन ऑइल नि ऑइल फिल्टरचं कुणीही सांगेल, मी त्यात शिरत नाही. कोकणात ही गाडी जास्त चालवल्याने मरत नाही, आत शिरलेल्या पाण्याने मरते, म्हणून खालचं अंग स्वतः बघायची सवय लाव.

सगळ्यात आधी डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधले गिअर, जे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतात. मागच्या हौजिंगवर, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचावर, हवा आतबाहेर जायला छोटा ब्रीदर असतो, बहुतेक गाड्यांचा चिखलाने बुजलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. होतं काय, चालून चालून हौजिंग गरम झालेलं असतं, तशीच गाडी वहाळात घातली की ते एकदम थंड पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढायला बघते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा ओढेल, बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढेल. मग ऑइल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं होतं, आणि तसंच चालवत राहिलं की बेअरिंग आवाज करायला लागतात नि खर्च कुठच्या कुठे जातो. उपाय स्वस्त आहे, ब्रीदरला ऑइलने खराब न होणारी रबरी नळी जोडायची आणि ती बॉडीच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधायची, फक्त अ‍ॅक्सल वरखाली होतो म्हणून नळीला ढील ठेव.

ऑइल बघताना गाडी सपाट जागेवर पाहिजे. भरायचा प्लग सुटतोय का ते आधी बघायचं, तो सुटला की मगच खालचा ड्रेन प्लग काढायचा, नाहीतर जुनं ऑइल सगळं खाली आणि वरचा प्लग जाम, मग बसा बोंबलत. लेव्हल भोकाच्या कडेपर्यंत असली की झालं. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ग्रेड मॅन्युअल बघूनच घे, एकच डबा सगळीकडे ओतू नकोस.

दुसरं ग्रीस. एक चांगली ग्रीसगन विकत घे, त्या पैशाचं चीज होतं. प्रॉपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) क्रॉस आणि सरकणारा योक हे त्याचे सांधे, जिथे जिथे निपल, म्हणजे ग्रीस भरायचं टोक दिसेल ते आधी चिंधीने पुसून घे, नाहीतर माती ग्रीसबरोबर आत जाते, आणि मग जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मार. पाण्यातून गाडी काढलीस की पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात परत मारायचं, कारण नवं ग्रीसच आतलं पाणी बाहेर ढकलतं.

सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई) आहे, कमानपाटे फक्त मागे, म्हणजे पुढच्या हाफ शाफ्टवर (चाक फिरवणारा दांडा) जॉइंट झाकणारे रबरी बूट आलेच. स्टिअरिंग पूर्ण वळवून बॅटरीच्या उजेडात त्यांच्या घड्या नीट बघ. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय, तो लगेच बदल, बूट स्वस्त आहे पण चिखल आत गेला की अख्खा जॉइंट जातो.

हे सगळं करताना नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली घुसायचं नाही, हे अगदी कळकळीने सांगतोय. चाकांना गुटके, चॅसिसखाली लोखंडी घोड्या (जॅक स्टँड), आणि जमीन पक्की. मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि तिरपा होतो.

आता धुणं. प्रेशर वॉशर चॅसिसला मार, कमानपाट्यांच्या मधे मार, पण रेडिएटरच्या जाळीवर, वायरिंगच्या कनेक्टरवर आणि सीलवर जवळून मारायचा नाही. रेडिएटर साध्या नळाने, इंजिनाच्या बाजूने बाहेर असा धुवायचा, म्हणजे चिखल आला त्याच वाटेने परत जातो. चॅसिसला पाणी जायची भोकं असतात ती तारेने मोकळी कर, आत ओली माती साठली की गंज आतून खातो आणि बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. धुवून झालं की वॉशिंगवाले खालून डिझेल नि जुनं ऑइल मारतात ना, ते अजिबात मारू देऊ नकोस. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि धूळ आणखी चिकटते. गंज दिसला तर ब्रशने घासून, सुकवून, प्राइमर लावून मग रंग. ओल्या गंजावर डांबरासारखं कोटिंग फासलं की ओल आतच कोंडते.

मागच्या ड्रममधे चिखल साचतो, तोही उघडून साफ करत जा, पण आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नको, ब्रेक क्लीनर वापर. आणि ओल्या गाडीला रात्रभर हँडब्रेक लावून ठेवू नको, चिकटतो, त्यापेक्षा गिअरमधे ठेवून चाकाला गुटका लाव.

डिझेल फिल्टरमधलं पाणी अधूनमधून सोडायचं, कॉमन रेलचे इंजेक्टर पाण्याला फार नाजूक असतात. एअर फिल्टर ओला दिसला तर गाडी स्टार्टच करायची नाही, आधी पाणी कुठवर गेलंय ते बघायचं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन. बाकी फोर बाय फोर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडा वेळ लावून चालव म्हणजे ऑइल सगळीकडे फिरतं, कोरड्या डांबरावर मात्र नको, पुढची मागची चाकं वळणावर वेगवेगळी फिरतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

समुद्राच्या वाळूत घालायचा विचार असेल तर सोडून दे. खारं पाणी चॅसिस खातं हे आहेच, पण वेळास, आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात, तिथल्या लोकांनी किती राखलंय ते.

निघालेलं जुनं ऑइल परसात ओतू नकोस, विहिरीत उतरतं, डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे. आता या रविवारी मागच्या हौजिंगचा भरायचा प्लग उघड, बोट घालून ऑइलचा रंग बघ आणि इथे फोटो टाक, तो बघितल्यावर सील बदलायचं की नुसतं ऑइल ते सांगतो.