वाचक विचारतात: जादूचे चित्रपट चाळिशीत

प्रश्न : शाळेत असताना हॅरी पॉटरचं वेड होतं. आता पुन्हा बघायला घेतलं, तर पहिल्याच भागात डुलकी लागली. वय आमचं झालं की चित्रपटाचं? (वाचक, पुणे)

उत्तर : थोडं दोघांचंही. दिग्दर्शक ख्रिस कोलंबसचे पहिले दोन भाग (2001 आणि 2002, 152 आणि 161 मिनिटं) अकरा वर्षांच्या प्रेक्षकासाठीच बेतलेले आहेत. काहीही जादू झाली की लगेच आ वासलेल्या मुलांचे चेहरे. त्यात 2001 चं संगणकी काम आता उघडं पडतं. मुलींच्या स्वच्छतागृहात शिरणारा ट्रोल आणि क्विडिच या हवेतल्या खेळाच्या सामन्यात झाडूवरून कोलांट्या खाणारी मुलं बघा, शरीरांना वजनच नाही. (एक गोल दहा गुणांचा आणि स्निच हा सोनेरी चेंडू एकटा दीडशेचा, मग बाकीचे खेळाडू कशाला, हा प्रश्नही मोठेपणीच पडतो.)

म्हणून सुरुवात तिसऱ्या भागापासून करा. 2004 साली दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन आला आणि मालिकेची चालच बदलली. मुलं घरच्या कपड्यांत वावरू लागली, ऋतू बदलल्याचं शाळेतल्या मारकुट्या झाडावरून कळू लागलं, कॅमेरा एका प्रसंगावर ठरू लागला. मित्राचे वडील मिस्टर वीझली हॅरीला बाजूला घेऊन तुरुंगातून पळालेल्या सिरियस ब्लॅकबद्दल सावध करतात तो प्रसंग पाहा. बराच वेळ कट नाही, दोघं गर्दीतून खांबाआड सरकतात आणि मागे ब्लॅकचं पोस्टर हलत राहतं. मोठ्या माणसाने मुलाला वाईट बातमी सांगताना होणारी चुळबुळ तिथे नेमकी पकडली आहे. आनंद शोषून घेणारे डिमेंटर हे नैराश्याचं चित्र आहे, हे बाराव्या वर्षी आपल्याला कुठे उमगलं होतं!

तिसऱ्यापासून पुढे मात्र सलग बघावं लागेल. मध्ये उड्या मारल्यात तर धागा सुटतो. दुसऱ्या भागाचा शेवटचा अर्धा तास तेवढा आधी पाहून घ्या. डायरी आणि बॅसिलिस्क या महासर्पाचा सुळा, दोन्हींचं काम शेवटच्या भागांत आहे.

पुस्तकं वाचली नसतील, तर काही जागी अडखळायला होईल. तिसऱ्या भागातला शाळेचा जादूचा नकाशा कोणी बनवला, हे चित्रपट सांगतच नाही. त्यामुळे शिक्षक ल्युपिनला तो कागद पाहताक्षणी कसा ओळखता येतो, हे कळत नाही. सातव्यात हॅरीच्या हाती आरशाचा तुकडा दिसतो. त्याची ओळख पाचव्यात व्हायला हवी होती, ती गाळली. पाचवं पुस्तक सगळ्यांत जाडजूड आणि चित्रपट मात्र 138 मिनिटांत उरकलेला. सहाव्यात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या तरुणपणाच्या आठवणींना कात्री लागली, अनाथाश्रमाची आणि शिक्षक स्लगहॉर्नची तेवढी उरली. तो असा का झाला याचं उत्तर त्या गाळलेल्या पानांत होतं आणि मोठ्या वाचकाला रस असतो तो नेमका तिथेच.

प्रश्न : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रथमच बघणार आहे. थिएटरची आवृत्ती की लांबलेली (एक्स्टेंडेड)? (वाचक, नाशिक)

उत्तर : थिएटरच्या आवृत्त्या 178, 179 आणि 201 मिनिटांच्या, म्हणजे एकूण 9 तास 18 मिनिटं. लांबलेल्या आवृत्त्यांवर 228, 235 आणि 263 असे आकडे दिसतील. घाबरू नका, त्यात शेवटी चाहत्यांच्या नावांची भलीमोठी यादी धरलेली आहे.

पहिला आणि तिसरा भाग थिएटरचा, मधला लांबलेला, असं बघा. मधल्या भागात ऑस्गिलियथ शहरातला बाप आणि दोन मुलांचा प्रसंग लांबलेल्या आवृत्तीतच आहे. बापाचं सगळं प्रेम थोरल्यावर, धाकटा फारामिर उभा राहून बघतोय. तो प्रसंग नसेल तर फारामिर पुढे फ्रोडोकडची अंगठी हिसकायला का निघतो, ते पटत नाही. तिसऱ्या भागात उलट होतं. चाच्यांची जहाजं योद्धा अरागॉर्नने आधीच ताब्यात घेतल्याचं लांबलेली आवृत्ती दाखवून टाकते आणि रणांगणावर तो जहाजातून उतरतो त्यातली गंमत जाते. दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट मात्र थिएटरच्या तिसऱ्या भागात नाही. तो लांबलेल्या आवृत्तीत सुरुवातीलाच आहे, वेगळा बघून घ्या.

मोठ्यांसाठी ही मालिका टिकते का? आमच्या मते सगळ्यांत जास्त हीच टिकते, कारण इथे प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. शेवटच्या क्षणी फ्रोडो ती घातक अंगठी आगीत टाकत नाही, टाकूच शकत नाही. नायक हरतो आणि काम होतं ते अंगठीने झपाटलेल्या गॉलमच्या हावरेपणामुळे. तिसऱ्या भागाला शेवटच संपत नाही, अशी तक्रार जुनी आहे. पण त्या लांबणीतच गावातल्या गुत्त्याचा प्रसंग आहे. चौघे हॉबिट, म्हणजे फ्रोडो आणि त्याचे मित्र, जग वाचवून परतलेत, टेबलाशी गप्प बसलेत आणि गावकरी कौतुक करताहेत ते कुणाच्या तरी भल्यामोठ्या भोपळ्याचं. विशीत हा प्रसंग आपण पुढे पळवतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. लेगोलसचं हत्तीच्या सोंडेवरून घसरणं आज रबरी वाटतं आणि स्त्रीपात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

प्रश्न : ‘हॉबिट’ दहा वर्षांनी नवा, दिग्दर्शक तोच, तरी खोटा का दिसतो? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या मालिकेत (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’) दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ठेंगणे हॉबिट आणि इतरांमधला उंचीचा फरक कॅमेऱ्यासमोरच साधला होता. फ्रोडोच्या बॅगएंड या घरातल्या टेबलाशी जादूगार गॅन्डाल्फ कॅमेऱ्याजवळ, फ्रोडो बराच मागे. टेबल दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या मापांचं. कॅमेरा सरकला की सेटचा भागही यंत्रावर सरकायचा, म्हणून जोड दिसत नाही. ‘हॉबिट’ थ्रीडीत चित्रित झाला. तिथे दोन भिंगं खरी खोली टिपतात आणि ही फसवणूक पकडली जाते. मग गॅन्डाल्फ वेगळ्या हिरव्या सेटवर एकटा आणि बुटके दुसरीकडे. एकमेकांकडे पाहणारे नट मुळात एका खोलीतच नाहीत.

त्यात नेहमीच्या 24 ऐवजी सेकंदाला 48 चित्रं. ज्यांनी तशा पडद्यावर पाहिला, त्यांना क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणासारखा वाटला. दाढ्या, मेकअप, सेटचा रंग सगळं उघडं. आधी शत्रुसैन्यातले ऑर्क म्हणजे मुखवटे चढवलेली माणसं होती, इथे म्होरक्या अझोग संगणकातला.

आणि गोष्ट? मुलांसाठीचं एक छोटं पुस्तक. आधी ठरलेला दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो 2010 मध्ये बाहेर पडला, जॅक्सनला दिग्दर्शन घ्यावं लागलं. दोनाचे तीन चित्रपट करायचं जाहीर झालं जुलै 2012 मध्ये, पहिला भाग यायला पाच महिने असताना. पाणी कुठे घातलंय ते तिसऱ्यात कळतं. पहिल्यातला बिल्बो आणि गॉलमचा कोड्यांचा प्रसंग मात्र चुकवू नका.

प्रश्न : हॅरी पॉटरचा सहावा भाग टीव्हीवर काळाकुट्ट दिसतो आणि संवाद ऐकू येत नाहीत. (वाचक, ठाणे)

उत्तर : तो मुद्दामच अंधारा आहे, ब्रुनो देलबोनेलला त्या छायाचित्रणासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ट्यूबलाइट बंद करा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा, वीजबचत आणि उजेडाचा सेन्सर बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा, नाहीतर घरबसल्या ‘हॉबिट’चीच तऱ्हा. आवाजासाठी 5.1 (अनेक स्पीकरसाठीचा ट्रॅक) ऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडा. टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये मधल्या चॅनेलचे संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात. आवाजाचा नाइट मोड असेल तर चालू करा.

प्रश्न : अर्धवट राहिलेल्या मालिका बघाव्यात का? (वाचक, मडगाव)

उत्तर : ‘नार्निया’ तीन भागांवर थांबली, पण 2005 चा पहिला भाग स्वतंत्र पुरा होतो, तो बघा. हॅरी पॉटरच्याच दुनियेतली ‘फॅन्टास्टिक बीस्ट्स’ पाच भागांची ठरली होती, तिसऱ्यावर अडकली आणि तीन भागांत खलनायक ग्रिंडेलवाल्डचा नटही बदलत गेला. पहिला बघून थांबा. ‘गोल्डन कंपास’ (2007) सोडाच. पुस्तकाचा कडवट शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवला आणि पुढचा भाग आलाच नाही. त्याऐवजी त्याच पुस्तकांवरची 2019 ते 2022 मधली ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही तीन सीझनची मालिका घ्या, तिच्यात गोष्ट शेवटपर्यंत जाते.