सेल्फ उचलत नाही, म्हणून बॅटरी बदलू?

मासेमारी बंदी उठायची वेळ आली की बॅटऱ्यांचे प्रश्न वाढतात. आलेल्यांपैकी काही इथे घेतोय. जवळजवळ सगळ्यांनी ‘कुठली घेऊ?’ असंच विचारलंय. माझा उलटा प्रश्न असतो: जुनी कशाने गेली? ते न शोधता नवी बसवलीत, तर तीही त्याच वाटेने जाते.

वर्सोव्याहून एक नाखवा: बोटीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) 24 व्होल्टचा आहे. 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या आहेत. त्यातली एकच सारखी मरते, दुसरी ठणठणीत. दुकानदार म्हणतो एकच बदला. बदलू का?

आधी एक सांगा, जीपीएस आणि वायरलेस 12 व्होल्टवर चालतात ना? मग त्यांची वायर कुठून घेतलीय? माझी पैज आहे, दोन्हींपैकी एकाच बॅटरीवरून. आणि मरते तीही तीच.

होतं असं की, रात्रभर त्या एका बॅटरीतून वीज जाते. सकाळी इंजिन चालू झालं की अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटऱ्या चार्ज करतो तो) दोन्ही मिळून फक्त 28 च्या आसपास व्होल्ट दिसतात. कोण भुकेली आणि कोण भरलेली, हे त्याला कळत नाही. मग उतरलेलीला 13 मिळतात आणि भरलेलीला 15. एकीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, दुसरीचं पाणी आटतं. तुमची ‘ठणठणीत’ दुसरीसुद्धा आतून उकळतेय. तिची झाकणं उघडून पाणी बघा.

यावर इलाज दोन. एक, 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून जोडायचा. दुसरा, मला जास्त पसंत असलेला: जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आणि दिव्यांसाठी 12 ची वेगळी बॅटरी आणि तिला वेगळं चार्जिंग. म्हणजे रात्री दिव्यांनी बॅटरी खाल्ली तरी सकाळी इंजिन चालू होतं.

बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, जमल्यास एकाच महिन्यात बनलेल्या. जुनीच्या शेजारी नवी जोडलीत तर जुनी तिला मागे खेचते. जी अजून बरी आहे ती वेगळी चार्ज करून तपासा आणि दिव्यांना लावा, फेकू नका.

माहीमचे एक वाचक: नवी बॅटरी घातली तरी सेल्फ कट-कट करतो. दुकानदार बॅटरी चांगली म्हणतो, मेकॅनिक सेल्फ चांगला म्हणतो. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. खाऱ्या हवेत आधी टर्मिनल आणि केबल खराब होतात. डिझेल इंजिनाचा सेल्फ काहीशे अँपिअर ओढतो. 300 अँपिअर धरा. क्लॅम्पमध्ये पांढरट-हिरवा थर साचून अडथळा एका ओहमचा फक्त शंभरावा भाग झाला, तरी तिथेच 3 व्होल्ट पडतात. 12 पैकी 3 क्लॅम्पने खाल्ले, तर सेल्फ काय उचलणार?

घरच्या मल्टिमीटरने हे सापडतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, खुद्द खुंटीवर; दुसरं त्याच खुंटीवर चढवलेल्या क्लॅम्पवर. खलाशाला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. 0.2 च्या वर गेला तर चोर तिथेच आहे. तसंच केबलच्या दुसऱ्या टोकाला आणि इंजिनाच्या अर्थिंगला बघा. केबल थोडी सोलून पाहा: आतलं तांबं काळं पडलं असेल तर ती केबल बाद, वरून कितीही धडधाकट दिसू दे. नवी घेताना कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची घ्या, महाग असली तरी.

हे सगळं ठीक निघालं, तरच बॅटरीकडे वळा. पूर्ण चार्ज करून, काही तास स्वस्थ ठेवून मीटर लावला की 12.6 ते 12.7 दिसायला हवं. 12.2 म्हणजे अर्धी उतरली, 11.9 म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नका, मरायला टेकलेली बॅटरीही कधी कधी 12.6 दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली गेली, तर तिची ताकद संपलीय. बॅटरीवाल्याकडचा लोड टेस्टर हेच बघतो.

मढहून: घरी इन्व्हर्टरची 150 एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. बोटीला चालेल ना? आकडा तर मोठा आहे.

सेल्फला नको. 150 एएच म्हणजे 7.5 अँपिअर 20 तास देईल एवढंच. एका झटक्यात शेकडो अँपिअर देईल का, हे त्या आकड्यात नसतं. सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, झटक्यासाठी. ट्युब्युलरच्या प्लेटा जाड, हळूहळू वीज देण्यासाठी. सेल्फसाठी घेताना एएचपेक्षा सीसीए (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी झटक्यात किती अँपिअर देते) हा आकडा बघा. तो उणे 18 अंशांवर मोजलेला असतो. मुंबईत ती वेळ कधी येणार नाही, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तो चांगला.

दिव्यांसाठी मात्र विचार करता येईल. समजा डोलीची (पिशवीसारख्या जाळ्याची) बोट आहे, रात्री नांगरावर उभी असते आणि इंजिन बंद. 10 तासांत दिव्यांना 4 अँपिअरने 40, जीपीएस आणि फिश फाइंडरला 2 ने 20, ऐकत राहणाऱ्या वायरलेसला अर्ध्याने 5. एकूण 65. शिशाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून दुप्पट, 130. तुमची 150 इथे बसते, फक्त ती अजून खरंच 150 उरली आहे का ते आधी तपासून घ्या. शिवाय ती उंच, 50-60 किलोंची, आत सुटं ॲसिड. लाटेत आडवी झाली तर ॲसिड सांडणार. खोक्यात बसवून पट्ट्याने करकचून बांधणार असाल तरच. नवीच घ्यायची असेल तर मी सीलबंद एजीएम (आतलं ॲसिड चटईत शोषलेलं असतं, सांडत नाही) घेईन.

ससून डॉकहून: कुठली कंपनी? आणि जास्त वर्षांची वॉरंटी म्हणजे चांगली बॅटरी का?

नामांकित कंपन्यांत फार फरक नाही, विकणाऱ्या दुकानांत आहे. बॅटरीवरच्या कोडवरून ती कधी बनली ते दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त कपाटात बसलेली असेल तर दुसरी मागा. ‘24+24’ लिहिलेलं असतं तेव्हा पहिले 24 महिने फुकट बदली आणि पुढे फक्त किमतीत सवलत, हे लक्षात ठेवा. कार्डावर वापर ‘कार’ लिहिलाय आणि बॅटरी बोटीत, असं असेल तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. खरेदीच्या वेळीच बिलावर ‘मासेमारी बोट’ लिहून मागा. दुकानदार लिहायला कां-कू करू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

कुलाब्याहून: लिथियम घ्यावी का? वजनाला हलकी म्हणतात.

हलकी आहे, टिकतेही. पण जुन्याच्या जागी नुसती उचलून ठेवायची नाही. ती अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापतो. आणि आतल्या सर्किटने संरक्षणासाठी मध्येच जोडणी तोडली, तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जळतात. मध्ये डीसी-डीसी चार्जर (करंटला लगाम घालणारा) घालणार असाल, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल आणि पक्क्या बिलाची असेल, तर दिव्यांसाठी जरूर घ्या. सेल्फसाठी सध्या शिशाचीच बरी. कुठून तरी काढलेले सेल जोडून विकतात, ते समुद्रावर नेऊ नका.

गोराईहून एक ताई: आमच्या बोटीची बॅटरी दर बंदीनंतर मेलेली निघते. जून-जुलैत ती करायची तरी काय?

ताई, 1 जून ते 31 जुलै म्हणजे 61 दिवस. उकाड्यात बॅटरी न वापरताही उतरते, आणि उतरलेली राहिली की सल्फेट धरून मरते. म्हणून बोट शाकारतानाच (पावसाळ्यासाठी झाकून ठेवतानाच) बॅटरी काढून घ्या, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. पूर्ण चार्ज करा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं घाला. ॲसिड कधीच वरून घालायचं नाही. टर्मिनल खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा (झाकणं घट्ट, ते पाणी आत जाता कामा नये), सुकवा आणि व्हॅसलीन लावा. मग महिन्यातून एकदा चार्ज. चार्जिंग पडवीत करा, चुलीजवळ किंवा बंद खोलीत नको. हायड्रोजन निघतो, हवेत 4 टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. फरशीवर ठेवली की उतरते, हा मात्र जुना समज. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना काही होत नाही.

वरळी कोळीवाड्यातून: बॅटरी इंजिनाच्या खणात तळाशी आहे. हलवायलाच हवी का?

हवीच. खणात पाणी शिरलं तर सगळ्यात आधी ती बुडते आणि तिच्याबरोबर वायरलेसही जातो, नेमका गरजेच्या वेळी. खारं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरिन निघतो, तो विषारी. निदान वायरलेसची बॅटरी तरी केबिनमध्ये उंचावर, हवेशीर खोक्यात बांधा, म्हणजे संकटात मदत मागायचा चॅनल 16 शेवटपर्यंत चालू राहील. तटरक्षक दलाचा 1554 हा फोन नंबर खोक्याच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवा. फोनला रेंज असेल तेव्हा तोही उपयोगी पडतो.