उत्तरेची भिंत हिरवी पडते, तेव्हा रंगाआधी पाण्याचं बघा

तुमचं घर गुहागरकडचं, पोफळीच्या वाडीत, जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं, बाहेरून गिलावा केलेलं. दोन वर्षांपूर्वीचा रंग उत्तरेच्या बाजूला हिरवा-काळा पडलाय आणि रंगारी म्हणतोय, भारीतला रंग घ्या. माझं मत वेगळं आहे. भिंत ओली का राहते ते आधी शोधा, डबा नंतर.

सुटलेला एक पोपडा काढून उलटा करा. मागे मिठासारखी पांढरी पूड असेल तर तो लोणा, म्हणजे पाणी आतून येतंय. मग आधी गळकी कौलं आणि जोत्याशी साचणारं पाणी. रंग घट्ट असून डाग नुसते वरवर असतील तर त्यावर ब्लीचचा थेंब टाका. काही मिनिटांत फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी, नाहीतर धूळ-काजळी.

आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी कोब्यावर आपटून भिंतीवर उडायचं. जोत्यापासून दीड फुटाचा पट्टा कायम हिरवागार. आम्ही पन्हळ बसवली, भिंतीलगतचा कोबा फोडून तिथे खडी टाकली आणि पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा बराच स्वच्छ राहिला. रंग तोच होता! माड-पोफळी तोडू नका. भिंतीला घासणाऱ्या झावळ्या आणि वर चढलेले वेल तेवढे काढा, वारा खेळला पाहिजे.

शेवाळ नुसतं खरवडून त्यावर रंग मारू देऊ नका, ते खालून परत उगवतं. एक भाग ब्लीच, तीन-चार भाग पाणी असं लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. तुळस आधी बाजूला उचलून ठेवा.

आता वेळ. गणपतीच्या आधी घर नवं दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण बाहेरचं काम श्रावणात होत नाही. मी एकदा पाऊस संपल्या संपल्या दसऱ्याला काम उरकलं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. चिरा पाणी धरून ठेवतो, आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडे असल्याने उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतच नाही. तिला मार्चअखेरनंतर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळायला लागतं. म्हणून बाकीच्या भिंती फेब्रुवारीत घेतल्या तरी ही एप्रिलपर्यंत थांबवा. आधी हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. आतून घाम धरला तर अजून थांबा.

मग बाहेरचा प्रायमर आणि शेवाळरोधक अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचे, दोन हात पुरेत. जुना चुना असेल तर तो पूर्ण खरवडून काढा, चुन्यावर इमल्शन धरत नाही. ऑइलपेंट मात्र नकोच, आतली ओल कोंडते. शेवाळरोधक औषधही पावसागणिक धुपत जातं, तेव्हा सावलीतली भिंत दरवर्षी पावसानंतर एकदा धुवावी लागणारच.

पोपड्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, लोणा आहे का ते बघून पुढचं सांगतो.